बीपी, शुगर आणि परदेशचं तिकीट

आधीपासून आजार असताना परदेश प्रवासाचा विमा कसा घ्यावा, याबद्दल वाचकांनी विचारलेल्या प्रश्नांतले काही निवडून त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. अटी कंपनीगणिक बदलतात, त्यामुळे कुठल्याही कंपनीचं नाव घेतलेलं नाही. पॉलिसीत नेमकं काय शोधायचं, तेवढं सांगितलं आहे.

वडील ६८ वर्षांचे आहेत. बऱ्याच वर्षांपासून शुगर आणि बीपी आहे, २०२१मध्ये एक स्टेंट बसवला. पाच महिन्यांसाठी भावाकडे न्यू जर्सीला जाणार आहेत. एजंट म्हणतो, ‘फॉर्मवर सगळीकडे नाही लिहा. प्रीमियम कमी बसेल, आणि आधीच्या आजाराचं तसंही काही मिळत नाही.’ ऐकावं का? — एक वाचक, नाशिक

ऐकू नका. त्याच्या बोलण्यातला दुसरा भाग मात्र बऱ्याच पॉलिसींच्या बाबतीत खरा आहे, आणि लोक फसतात ते त्यामुळेच.

आजार फॉर्मवर लिहिणं आणि त्या आजाराचा खर्च मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शुगर लिहिली म्हणजे शुगरचा खर्च मिळेलच असं नाही. पण लिहिली नाही, तर शुगरशी काडीचा संबंध नसलेला क्लेमही अडकू शकतो. वडील बर्फावर घसरून खुब्याचं हाड मोडलं, तरी कंपनी म्हणू शकते की प्रपोजल फॉर्मवर खोटी माहिती देऊन पॉलिसी घेतली होती. मग अपघाताचा क्लेमही भांडून घ्यावा लागतो.

लपवलेलं कळतं कसं, तर तेही सोपं आहे. अमेरिकेत रुग्ण दाखल झाला की नर्स पहिल्या तासाभरात घरी चालू असलेल्या गोळ्यांची यादी लिहून घेते. वडील स्वतःच सांगतील, ‘बारा वर्षं मेटफॉर्मिन चालू आहे.’ ते सांगायलाच हवं, नाहीतर उपचार चुकतील. ती यादी आणि ‘पूर्वेतिहास’ असं शीर्षक असलेला परिच्छेद हॉस्पिटलच्या कागदांत कायमचा राहतो. क्लेम आल्यावर कंपनी सगळ्यात आधी तेच पान उघडते. त्यानंतर नाशिकच्या फॅमिली डॉक्टरांकडून आणि स्टेंट बसवलेल्या हॉस्पिटलमधून जुने कागद मागवले जातात.

आता खर्च मिळण्याबद्दल. भारतात विकल्या जाणाऱ्या परदेश प्रवास पॉलिसी आधीच्या आजाराच्या बाबतीत ढोबळमानाने तीन प्रकारच्या असतात. पहिल्या प्रकारात आधीचा आजार आणि त्यातून उद्भवणारं सगळं पूर्णपणे वगळलेलं असतं. दुसऱ्या प्रकारात ते वगळलेलं असतं, पण जिवावर बेतलं तर प्रकृती स्थिर होईपर्यंतचा खर्च मिळतो, आणि त्यालाही वेगळी मर्यादा असते. तिसऱ्या प्रकारात जाहीर केलेला आजार जादा प्रीमियम घेऊन स्वीकारतात. दुकानात सर्वांत जास्त दिसतो तो दुसरा प्रकार. त्यातले ‘स्थिर होईपर्यंत’ हे शब्द नीट वाचा. हार्ट अटॅक आला, रक्तवाहिनी मोकळी केली, रुग्ण सावरला. पुढची इको, महिन्याभराच्या गोळ्या, दुसऱ्या ब्लॉकेजसाठी ठरवून केलेली अँजिओप्लास्टी हे सगळं बाहेर राहतं. कंपनी म्हणते, आता भारतात परत या आणि इथे करा.

दुसरी गोम सब-लिमिटची. साठीनंतर अनेक योजनांत रूमचं रोजचं भाडं, आयसीयू, सर्जनची फी, भूल देणाऱ्याची फी, तपासण्या, अँब्युलन्स अशी प्रत्येकाला वेगळी कमाल रक्कम असते. माहितीपत्रकावर ठळक अक्षरांत एक लाख डॉलर असतात आणि आतल्या तक्त्यात एका आजाराला त्याचा लहानसा तुकडा. वडिलांसाठी ‘सब-लिमिट नाही’ असं छापलेली ५० हजार डॉलरची पॉलिसी सब-लिमिटवाल्या एक लाखाच्या पॉलिसीपेक्षा जास्त कामाची ठरू शकते.

फॉर्म एजंटकडून भरून घेऊ नका. वडिलांनी स्वतः बसून, गोळ्यांची पाकिटं समोर ठेवून भरावा. प्रत्येक गोळी कशासाठी आहे, हे डॉक्टरांना विचारून लिहावं. कोलेस्टेरॉलची गोळी लोक हमखास विसरतात, कारण त्यांच्या लेखी तो आजारच नसतो. स्टेंटची तारीख, हॉस्पिटल, शेवटची इको आणि एचबीए१सी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची तपासणी) सोबत जोडा. भरलेल्या फॉर्मची प्रत स्वतःकडे ठेवा. ऑनलाइन घेत असाल तर प्रत्येक पानाचा स्क्रीनशॉट काढा. मग कंपनीला ईमेलवर एकच प्रश्न विचारा: ‘या जाहीर केलेल्या आजारांमुळे तातडीने दाखल व्हावं लागलं, तर कोणत्या कलमाखाली किती रकमेपर्यंत खर्च मिळेल?’ फोनवर मिळालेल्या ‘हो हो, सगळं कव्हर आहे’ या उत्तराला किंमत नाही.

घरच्या मेडिक्लेममध्ये ३६ महिन्यांनंतर आधीचा आजार कव्हर होतो, तो नियम इथेही चालेल, असं अनेकांना वाटतं. चालत नाही. परदेश प्रवासाची पॉलिसी स्वतंत्र असते. तिच्यात आधीच्या आजाराची व्याख्या काय दिली आहे, तीच लागू.

पॉलिसी भारतातून घ्यावी की मुलीने अमेरिकेतून तिथल्या कंपनीची काढावी? आईला (६६) बीपी आणि थायरॉइड आहे. — एक वाचक, पुणे

दोन्ही चालतात, मात्र तुलना करायची जागा प्रीमियम नव्हे.

अमेरिकेत पाहुण्यांसाठी विकल्या जाणाऱ्या योजनांचे दोन गट आहेत. ‘फिक्स्ड बेनिफिट’ योजना स्वस्त असतात. डॉक्टरच्या एका भेटीला इतके डॉलर, आयसीयूच्या एका दिवसाला इतके, अशी ठरलेली रक्कम देतात आणि बाकीचं बिल तुमच्या माथी. तिथली बिलं पाहता ही योजना आई-वडिलांसाठी घेऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. ‘कॉम्प्रिहेन्सिव्ह’ योजनेत आधी डिडक्टिबल, म्हणजे बिलातली ठरलेली पहिली रक्कम, तुम्ही भरता, मग ठरलेल्या टक्क्यांनी, आणि पुढे पूर्ण मर्यादेपर्यंत कंपनी भरते. तिच्याबरोबर पीपीओ नेटवर्क येतं, म्हणजे त्या जाळ्यातल्या हॉस्पिटलने कंपनीशी आधीच ठरवलेला दर लागतो आणि बऱ्याचदा बिल थेट कंपनीकडे जातं.

आधीच्या आजारासाठी या योजनांत ‘अॅक्यूट ऑनसेट’ नावाचं कलम असतं. त्रास अचानक, पूर्वसूचना न देता उद्भवलेला हवा आणि साधारण २४ तासांच्या आत उपचार घेतलेले हवेत. हळूहळू वाढत गेलेला त्रास यात बसत नाही. आईचं डोकं चार दिवस दुखत होतं, बीपी चढत होतं, ‘बघू उद्या’ म्हणून घरी थांबलात आणि पाचव्या दिवशी दाखल केलंत, तर कंपनी म्हणणार की पूर्वसूचना होती. शिवाय या कलमाला वयाची अट असते. बऱ्याच योजनांत ७० किंवा ८० वर्षांनंतर ते गळतं किंवा रक्कम एकदम खाली येते. आईच्या मुक्कामात वाढदिवस येऊन वयाचा टप्पा ओलांडला जातो का, तेही पाहा.

भारतीय पॉलिसी बहुतेक वेळा निघण्यापूर्वी भारतात असतानाच काढावी लागते, आणि एका प्रवासाला साधारण १८० दिवसांची मर्यादा असते. मुदत वाढवायची तर ती संपण्याआधी अर्ज करावा लागतो. मधे क्लेम झाला असेल तर कंपनी नकार देऊ शकते. अमेरिकन योजना पोचल्यावरही घेता येते, पण विमानतळावर उतरल्यापासून पॉलिसी सुरू होईपर्यंतचे दिवस उघडे राहतात. वाद झाला तर भारतीय कंपनीविरुद्ध इथे विमा लोकपालाकडे जाता येतं, अमेरिकन कंपनीच्या बाबतीत ती सोय नाही. दुसरीकडे, अमेरिकन हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाला तिथलं पीपीओ कार्ड लगेच कळतं. भारतीय पॉलिसीचा कागद पाहून अनेकदा ते रुग्णालाच बिल पाठवतात.

आईला फक्त बीपी आणि थायरॉइड असेल, दोन्ही काबूत असतील आणि वय ७०च्या आत असेल, तर पीपीओ असलेली कॉम्प्रिहेन्सिव्ह योजना वापरायला सोपी जाते. स्टेंट, पक्षाघात, किडनी असा इतिहास असेल, तर जाहीर आजार लेखी स्वीकारणारी भारतीय पॉलिसी मिळते का, ते आधी शोधा.

तिकडे मध्यरात्री छातीत दुखलं तर आधी विमा कंपनीला फोन करायचा की अँब्युलन्सला? पॉलिसीवर ‘पूर्वमंजुरी आवश्यक’ लिहिलंय. — एक वाचक, अकोला

आधी ९११, म्हणजे तिथला आपत्कालीन मदतीचा क्रमांक. १९८६च्या अमेरिकी कायद्यानुसार इमर्जन्सी विभाग असलेल्या हॉस्पिटलांना, अगदी मोजके अपवाद सोडता, रुग्णाची तपासणी करून त्याला स्थिर करावंच लागतं, पैसे असोत वा नसोत. बिल मात्र येतंच.

विमा कंपनीच्या मदत-क्रमांकावर फोन घरातल्या दुसऱ्या माणसाने करायचा, दाखल झाल्याच्या दिवशीच. बहुतेक पॉलिसींत २४ ते ४८ तासांची मुदत असते. फोन केल्यावर केस क्रमांक मागून घ्या, बोललेल्या माणसाचं नाव आणि वेळ लिहून ठेवा, आणि तोच मजकूर ईमेलने पाठवा.

ताप, लघवीची जळजळ, मुरगळलेला पाय अशा गोष्टींसाठी इमर्जन्सीत जाऊ नका, ‘अर्जंट केअर’मध्ये जा. खर्चात जमीन-अस्मानाचा फरक पडतो, आणि काही योजनांत किरकोळ कारणाने इमर्जन्सीत गेल्यास जादा डिडक्टिबल लागतं.

हॉस्पिटलमधून सुटल्यावर एकच बिल येईल, या समजात राहू नका. हॉस्पिटलचं वेगळं, इमर्जन्सीतल्या डॉक्टरचं वेगळं, एक्स-रे वाचणाऱ्याचं वेगळं, अँब्युलन्सचं वेगळं. ही बिलं पुढचे कित्येक महिने मुलाच्या पत्त्यावर येत राहतात. तोवर आई-वडील परत आलेले असतात आणि इथे क्लेमची मुदत चालू असते. प्रत्येक बिलाची तपशीलवार प्रत मागा, म्हणजे कोणत्या तारखेला काय केलं आणि त्याचा दर किती. बिलिंग विभागाला ‘विमा क्लेम चालू आहे, खातं थांबवून ठेवा’ असं लेखी कळवा, नाहीतर प्रकरण वसुली एजन्सीकडे जातं. विम्याने हात वर केले, तर ना-नफा हॉस्पिटलांना आर्थिक मदतीचं लेखी धोरण ठेवावंच लागतं. त्याचा अर्ज मागून घ्या. मिळेलच असं नाही, पण न मागता ते कुणी पुढे करत नाही.

युरोप टूरवाल्यांनी व्हिसासाठी विमा काढून दिला आहे. मला दमा आहे. वेगळा काढावा लागेल का? — एक वाचक, कोल्हापूर

व्हिसासाठी काढलेल्या विम्याचा उद्देश व्हिसा मिळवणं एवढाच असतो. शेंगेन (एकाच व्हिसावर फिरता येणारे युरोपीय देश) नियमांनुसार किमान ३० हजार युरोचं संरक्षण, सगळ्या शेंगेन देशांत आणि पूर्ण मुक्कामभर लागू, आणि त्यात तातडीचे उपचार, आजारपणामुळे मायदेशी परत आणणं, मृत्यू हे असलं की प्रमाणपत्र चालतं. आधीच्या आजारांचं काय, हे त्या कागदावर लिहिलेलंच नसतं. टूर कंपनीकडून प्रमाणपत्र नव्हे, संपूर्ण पॉलिसी मागा. गटाचा विमा असेल तर तुमचा दमा कुणी जाहीर केला का, तेही विचारा. बहुतेक वेळा कुणी विचारलेलंच नसतं. तसं असेल तर प्रवासाआधी लेखी कळवा, आणि उत्तर समाधानकारक नसेल तर दुसरी पॉलिसी काढा.

आई-बाबा सुपर व्हिसावर कॅनडाला निघालेत. कॅनेडियन विमा घेतला. गेल्या आठवड्यात डॉक्टरांनी बाबांची बीपीची गोळी ४० ऐवजी ८० मिलिग्रॅम केली. काही अडचण? — एक वाचक, ठाणे

हो, आणि हीच अडचण सगळ्यात जास्त कुटुंबांच्या नजरेतून सुटते.

सुपर व्हिसासाठी (कॅनडात राहणाऱ्यांच्या आई-वडिलांना दीर्घ मुक्कामासाठी मिळणारा व्हिसा) किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशाच्या तारखेपासून किमान एक वर्षाचा विमा लागतो. त्यात उपचार, दाखल होणं आणि मायदेशी परत आणणं हे सगळं हवं. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरलेली पॉलिसी लागते. (२८ जानेवारी २०२५पासून कॅनडाच्या वित्तीय नियामकाने मान्यता दिलेल्या परदेशी कंपन्यांचाही विमा चालतो. इथल्या एखाद्या कंपनीची पॉलिसी घ्यायची तर ती मान्यता आहे का, ते तपासा.)

आता गोळीचं. कॅनेडियन पॉलिसी आधीचा आजार कव्हर करतात, पण तो ‘स्टेबल’ असेल तरच. स्टेबल म्हणजे पॉलिसी लागू होण्यापूर्वीच्या ठरावीक काळात, बहुधा ९० किंवा १८० दिवसांत, नवं लक्षण नाही, नवं निदान नाही, दाखल होणं नाही, निकाल यायची बाकी असलेली तपासणी नाही आणि औषधात बदल नाही. बदल म्हणजे नवी गोळी, बंद केलेली गोळी, वाढवलेला डोस, आणि कमी केलेला डोससुद्धा. तब्येत सुधारली म्हणून डॉक्टरांनी डोस निम्मा केला, तरी पॉलिसीच्या भाषेत आजार अस्थिर झाला. काही पॉलिसींत इन्शुलिनच्या नेहमीच्या फेरबदलाला किंवा ब्रँड बदलून तेच औषध घेण्याला सूट असते. ती कलमात स्पष्ट लिहिलेली हवी.

बाबांचा डोस वाढल्यापासून दिवस मोजायला सुरुवात करा. ९० दिवसांची अट असेल आणि प्रवास पुढच्या महिन्यात असेल, तर बीपी आणि त्यातून होणारा पक्षाघात, हृदयविकार संरक्षणाबाहेर जाण्याची शक्यता मोठी आहे. मार्ग दोन. तिकीट पुढे ढकलायचं, किंवा कमी दिवसांची स्थिरतेची अट असलेली योजना जादा प्रीमियम देऊन घ्यायची. पॉलिसी काढून झाल्यावर डोस बदलला असेल, तर तोही कंपनीला कळवायचा असतो. आणि डोस बदलणं टाळण्यासाठी डॉक्टरांना ‘निघेपर्यंत असंच राहू द्या’ म्हणू नका. पक्षाघातापेक्षा तिकीट बदलणं स्वस्त पडतं. त्यापेक्षा प्रवासाच्या चार-पाच महिने आधी पूर्ण तपासणी करून घ्या आणि बदल व्हायचे ते तेव्हाच होऊ द्या.

विमा तिथे पोचल्यावर काढला, तर आजारासाठी काही दिवसांचा प्रतीक्षा काळ लागतो. तो निघण्याआधीच काढलेला बरा.

सहा महिन्यांच्या गोळ्या एकदम नेता येतात का? — एक वाचक, सातारा

अमेरिकेला साधारण ९० दिवस पुरतील एवढ्याच न्या, असा तिथल्या यंत्रणांचा सल्ला आहे. गोळ्या मूळ पट्टीत, मूळ खोक्यासह ठेवा. रोजच्या डबीत सुट्या करून नेऊ नका. डॉक्टरांचं पत्र इंग्रजीत, लेटरहेडवर असावं: आजार, औषधाचं मूळ नाव, डोस आणि मुक्काम किती दिवसांचा. नंतर कुरिअरने पाठवू, हा बेत धरू नका, पार्सलं कस्टममध्ये अडकतात. पुढच्या तीन महिन्यांसाठी तिथल्या डॉक्टरची एक भेट गृहीत धरा. ही भेट विम्यात बसत नाही, खर्च खिशातूनच.

मूळ नावाचा मुद्दा महत्त्वाचा. आपल्याकडची ब्रँडची नावं तिथल्या फार्मासिस्टला कळत नाहीत, आणि काही औषधं तिथे मिळतच नाहीत. शुगरसाठी आपल्याकडे सर्रास दिली जाणारी व्हिल्डाग्लिप्टिन, टेनेलिग्लिप्टिन, ग्लिक्लाझाइड, व्होग्लिबोस ही अमेरिकेत विकली जात नाहीत. यातलं काही चालू असेल, तर संपल्यावर त्याऐवजी काय घ्यायचं, हे निघण्याआधीच आपल्या डॉक्टरांकडून लिहून घ्या. पॅरासिटामॉल तिथे असिटामिनोफेन या नावाने मिळतं. नाव न कळल्याने सर्दीच्या औषधातून आणि वेगळ्या गोळीतून असा दुहेरी डोस जातो.

इन्शुलिन नेहमी हातातल्या बॅगेत. चेक-इन सामानात गोठू शकतं, आणि गोठलेलं इन्शुलिन वितळल्यावर वापरायचं नसतं. आखाती देशांत ट्रॅमाडॉल किंवा कोडीन असलेली औषधं नियंत्रित यादीत येतात, अमिरातींसाठी आधी ऑनलाइन परवानगी घ्यावी. खोकल्याच्या सिरपमध्येही कोडीन असू शकतं. जपानला महिन्याहून जास्त पुरेल इतकं डॉक्टरी औषध न्यायचं, तर ‘युन्यू काकुनिन-शो’ हे पत्र आधी मिळवावं लागतं.

आजोबांना सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) आहे, घरी कधीमधी ऑक्सिजन लागतो. सिंगापूरला नेता येईल? — एक वाचक, रत्नागिरी

विमानाच्या केबिनमध्ये हवेचा दाब सुमारे आठ हजार फूट उंचीवर असतो तितका कमी असू शकतो. घरी बसल्या जागी ऑक्सिजन ९२ टक्के किंवा त्याखाली दिसत असेल, तर छातीच्या डॉक्टरांकडून प्रवासासाठी वेगळी तपासणी करून घ्यावीच. विमान कंपनीचा ‘मेडिफ’ फॉर्म डॉक्टरांकडून भरून काही दिवस आधी द्यावा लागतो. स्वतःचं सिलिंडर बहुतेक कंपन्या चालू देत नाहीत. छोटा कॉन्सन्ट्रेटर (हवेतून ऑक्सिजन वेगळा करणारं यंत्र) चालतो, आणि बॅटऱ्या उड्डाणाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या मागतात. विम्याच्या बाजूने एकच गोष्ट: डॉक्टरांनी ‘प्रवास करू नये’ असं कुठेही लिहिलं असेल, तर आजारपणाचं संरक्षण जवळपास संपलंच.

आमचा तीस जणांचा गट मुक्तिनाथला निघालाय. सगळ्यांची मेडिक्लेम आहे, मग वेगळा विमा कशाला? — एक वाचक, इचलकरंजी

नेपाळला जायला व्हिसा लागत नाही, म्हणून तो परदेश नाही असं वाटतं. मेडिक्लेम मात्र सहसा भारतात घेतलेल्या उपचारांपुरतीच असते, सोनौलीची सीमा ओलांडली की तिचा उपयोग नाही. पॉलिसीतलं ‘भौगोलिक मर्यादा’ हे कलम वाचा.

मुक्तिनाथ सुमारे ३,७०० मीटरवर आहे आणि पोखरा हजार मीटरच्याही खाली. जीपने एका-दोन दिवसांत एवढी चढण होते, शरीराला सवय व्हायला वेळच मिळत नाही. बीपी, हृदयविकार, दमा असलेल्यांनी मधे एक-दोन मुक्काम वाढवावेत. विमा घेताना उंचीची मर्यादा आहे का, विरळ हवेचा त्रास कव्हर आहे का आणि हेलिकॉप्टरचा खर्च मिळतो का, हे तिन्ही विचारा. २०१८मध्ये नेपाळमध्ये बनावट हेलिकॉप्टर-बचावाचे प्रकार उघड झाले. तेव्हापासून मदत-क्रमांकाची मंजुरी न घेता बोलावलेल्या हेलिकॉप्टरचं बिल मिळणं अवघड जातं.

आम्ही वीस वर्षं इंग्लंडमध्ये आहोत. पतींच्या कर्करोगावर उपचार होऊन तीन वर्षं झाली. गावी रायगडला यायचंय, पण दोन कंपन्यांनी नकार दिला. — एक वाचक, स्लाउ

ब्रिटनमध्ये एप्रिल २०२१पासून नियम आहे की आजारामुळे विमा नाकारला किंवा त्यासाठी ठरावीक रकमेहून अधिक जादा प्रीमियम लावला, तर कंपनीने तुम्हाला विशेष यादीचा पत्ता द्यायलाच हवा. ‘मनीहेल्पर’ या सरकारी आर्थिक सल्ला सेवेच्या या यादीत गंभीर आजार असलेल्यांना विमा देणाऱ्या कंपन्या आहेत. त्यांच्याशी फोनवरच बोला. ऑनलाइन प्रश्नावलीत ‘उपचार पूर्ण, फक्त वार्षिक तपासणी’ हे नीट बसत नाही. कुठल्या तपासणीचा निकाल यायचा असेल, तर तो आल्यावरच पॉलिसी घ्या, कारण निकाल बाकी असलेली गोष्ट बहुतेक ठिकाणी वगळतात. परदेशात सरकारी उपचारांसाठी मिळणारं ब्रिटनचं जीएचआयसी कार्ड भारतात चालत नाही.

आईला लिस्बनमध्ये न्यूमोनिया झाला. शुगर आणि कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे; फॉर्मवर शुगर लिहिली होती, कोलेस्टेरॉल राहिलं. कंपनीने ‘आधीचा आजार व माहिती दडवली’ म्हणून क्लेम नाकारला. आता? — एक वाचक, मडगाव

प्रकरण सोडून देण्यासारखं नाही.

६ डिसेंबर २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने अशाच वळणाच्या प्रकरणात निकाल दिला. अमेरिकेला निघालेल्या गृहस्थांनी परदेश प्रवासाची मेडिक्लेम घेताना डायबेटिस सांगितला होता, वैद्यकीय तपासणीही झाली होती. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर त्यांना हृदयविकाराचा झटका आला, स्टेंट बसवावे लागले. कोलेस्टेरॉलसाठीच्या स्टॅटिन गोळ्या सांगितल्या नव्हत्या, या कारणावर कंपनीने क्लेम नाकारला. न्यायालयाने तो नकार रद्द केला. सांगितलेला आजार विचारात घेऊन, जोखीम तपासून कंपनीने पॉलिसी दिली असेल, तर नंतर त्याच आजाराचं कारण पुढे करून तिला हात झटकता येत नाहीत, हा त्यातला गाभा. तुमच्या आईची तपासणी झाली होती का, फॉर्मवर नेमका कोणता प्रश्न विचारला होता, यावर साम्य किती ते ठरेल.

पहिलं काम, नकाराचं पत्र कलमाच्या क्रमांकासह लेखी मागा. दुसरं, लिस्बनच्या डॉक्टरांकडून न्यूमोनियाचं कारण काय होतं, याचं प्रमाणपत्र घ्या. जंतुसंसर्ग कोलेस्टेरॉलमुळे झाला नाही, हे त्यांनी एका ओळीत लिहिलं तरी पुरे. शुगरमुळे संसर्ग बळावतो, असा मुद्दा कंपनी मांडू शकते. पण शुगर तुम्ही जाहीर केलेली आहे. भरलेल्या फॉर्मची प्रत नसेल तर कंपनीकडून मागा.

हे सगळं जोडून कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. विमा नियामकाच्या ‘बीमा भरोसा’ तक्रार पोर्टलवरही नोंद करा, हेल्पलाइन १५५२५५. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पुन्हा नकार आला, तर विमा लोकपाल. गोव्याची प्रकरणं मुंबई कार्यालयाकडे येतात. फी नाही, वकील लागत नाही, ५० लाख रुपयांपर्यंतची भरपाई ते देऊ शकतात, आणि निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुमच्यावर नाही. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. ग्राहक आयोगाचा रस्ताही खुला आहे, तिथे मुदत दोन वर्षांची. मात्र आयोगात खटला चालू असताना लोकपाल तक्रार घेत नाही. त्यामुळे आधी लोकपाल, आणि तिथे मनासारखं झालं नाही तर आयोग, असा क्रम ठेवा.

पोर्तुगीज भाषेतल्या कागदांचं इंग्रजी भाषांतर प्रमाणित करून जोडा, आणि पासपोर्टवरच्या येण्या-जाण्याच्या शिक्क्यांच्या प्रतीही. हे दोन कागद नाहीत म्हणून फाइल परत येते आणि मुदतीतले आठवडे जातात.